घरातला धर्म हे आईचंच खातं का?
(एका चर्चेतल्या नोंदी; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

रात्रपाळी
मी नर्स आहे, अतिदक्षता विभागात. थोरली सात वर्षांची, धाकटा तीनचा. नवऱ्याचीही नोकरी आहे आणि तोही बाप्तिस्मा झालेला, प्रथम ख्रिस्तप्रसाद घेतलेला, माझ्याइतकाच कॅथलिक आहे. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

गेल्या रविवारी पाळी संपवून सकाळी साडेसातला घरी आले. नऊच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, अजून वेळ होता. मोजे काढायला पलंगावर टेकले. एक मोजा निघाला आणि दुसरा पायात असतानाच डोळा लागला. थोरलीने खांदा हलवून उठवलं, "आई, आज मिस्सा नाही का?" तिचा बाप शेजारच्याच खोलीत होता, झोप पूर्ण झालेला, हातात मोबाईल. त्याला ओलांडून ती माझ्याकडे आली.

त्याच आठवड्यात धर्मशिक्षणाच्या पालकसभेत एका बाईंनी हसत हसत ऐकवलं, "नोकरीला वेळ मिळतो हो, देवालाच मिळत नाही." शेजारी दोन वडील बसले होते. त्यांना कोणी काही म्हटलं नाही.

घरची रोझरी, म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना, आता पाच रहस्यांवरून (तिच्या पाच भागांवरून) एकावर आली आहे. तीही दिवा मालवून, मुलांच्या मध्ये आडवं पडून. धाकटा मणी मोजायच्या ऐवजी चावतो. माझं म्हणणं एवढंच, की 'नोकरी, घर आणि श्रद्धा यांचा तोल कसा सांभाळता?' हा प्रश्न फक्त आईला विचारला जातो, आणि तिथेच तो खोटा ठरतो. पटतं का? पटत नसेल तर सरळ सांगा, मला गोड बोलणं नको आहे.

घरी थांबलेली
सरळ सांगते, अर्धंच पटतं.

नवऱ्याला का विचारलं नाही, हा सवाल शंभर टक्के खरा. पण त्या सवालाच्या आड आपण दुसरा एक सवाल दडवतो. दुसऱ्या बाळंतपणानंतर मी हिशेब तपासनीसाची नोकरी सोडली. कोणी जबरदस्ती केली नाही. मला दिसलं, की मुलांना माझा उरलासुरला वेळ मिळतोय आणि देवाला त्यातूनही उरलेला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1981 साली 'लाबोरेम एक्झर्सेन्स' हे कामाविषयीचं परिपत्रक काढलं. त्याच्या 19व्या परिच्छेदात आहे, की बाहेरच्या पगारी कामासाठी आईला मुलांची जबाबदारी टाकावी लागत असेल आणि त्यामुळे आईपणाच्या मूळ कामातच अडथळा येत असेल, तर ते समाजाच्या आणि कुटुंबाच्या हिताचं नाही. हे मी म्हणत नाही, ख्रिस्तसभा म्हणते.

तुम्ही वाईट आई आहात असं अजिबात म्हणत नाही. पण थकवा आला की सगळ्यात आधी रोझरी कापली जाते, पाळी नाही. क्रम काय आहे ते यातून कळतंच ना?

कलमवाली
तोच 19वा परिच्छेद पुढेही वाचा ताई. आईला घरी राहायचं असेल तर तिला तसं राहता यावं, त्यापायी तिच्या स्वातंत्र्यावर गदा येऊ नये, इतर स्त्रियांच्या मानाने तिचं नुकसान होऊ नये, असं त्यात आहे. एकाच्या पगारात घर चालावं किंवा आईला भत्ता मिळावा, असंही आहे. आणि कामाची रचनाच अशी हवी, की पुढे जाण्यासाठी स्त्रीला घराची किंमत मोजावी लागू नये. म्हणजे बोट मालकाकडे आणि समाजाकडे आहे. आपण ते रात्रपाळीवरून आलेल्या बाईकडे वळवतो.

आता नियमांचं. ख्रिस्तसभेच्या धर्मसंहितेचं, म्हणजे तिच्या कायद्याचं, कलम 1247 रविवारची मिस्सा बंधनकारक करतं. त्याला लागूनच 1248 आहे, त्यानुसार आदल्या संध्याकाळची मिस्साही चालते. धर्मशिक्षणग्रंथाच्या 2181व्या परिच्छेदात गंभीर कारण असेल तर सूट आहे, आणि उदाहरणं कोणती दिली आहेत? आजारपण आणि तान्ह्या मुलांची देखभाल. 2185 मध्ये कुटुंबाची गरज आणि मोठी समाजसेवा ही रविवारच्या विश्रांतीला अपवाद धरली आहेत. अतिदक्षता विभाग यात बसत नसेल तर काय बसणार?

घरी थांबलेली
सूट आहे हे मलाही ठाऊक आहे. सुटीची सवय लागते, माझी भीती ती आहे. एक रविवार गंभीर कारणाने, दुसरा थोड्या कमी गंभीर कारणाने. मुलांना कलम कळत नाही, त्यांना आई निजलेली दिसते.

तिघांचा बाप
इथे नवरे आयते सापडलेत झोडपायला. मी रात्री अकराला घरी येतो. तिन्ही मुलांची फी, घराचा हप्ता, आईवडिलांची औषधं माझ्याकडे आहेत. बायको मुलांना प्रार्थना शिकवते कारण तिला ते जमतं आणि आवडतं. प्रत्येक गोष्टीत निम्मं निम्मं मोजायला लागलो तर संसार नाही, भागीदारीची पेढी होईल.

रात्रपाळी
दादा, "तिला आवडतं" हे तिला विचारून लिहिलंत का? भांडायला विचारत नाही. माझ्या नवऱ्यालाही असंच वाटत होतं.

आणि निम्म्याची गोष्ट मी केलीच नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक म्हणून आईवडील दोघांना धरलंय. बाप्तिस्म्याच्या वेळी प्रश्न दोघांना विचारतात, होकारही दोघांनी दिलेला असतो. तेव्हा तुम्ही बाळाला घेऊन पुढेच उभे असाल.

तिघांचा बाप
होतो. मुद्दा घेतला. पण अकराला येणाऱ्या माणसाने नेमकं काय करायचं तेही सांगा. टोमणे पुष्कळ झाले.

कलमवाली
रविवारी तर अकराला येत नसाल ना?

जुनी लेस
मला या वादात झेली मार्टिन आठवते, लिझ्यूच्या संत तेरेझाची आई (कोलकात्याच्या मदर तेरेसा नव्हेत). फ्रान्समध्ये आलाँसाँ इथे तिचा लेस बनवण्याचा व्यवसाय होता, लग्नाआधी तिने स्वतः उभा केलेला. कारागीर बायका घरी तुकडे विणून आणत आणि झेली ते जोडत असे. नऊ बाळंतपणं, त्यातली चार मुलं गेली. 1870 मध्ये नवऱ्याने, लुईने, आपलं घड्याळाचं दुकान विकलं आणि बायकोच्या धंद्यात हात घातला. हे वाक्य मी बऱ्याच नवऱ्यांना दोनदा वाचून दाखवते. पहाटे साडेपाचच्या मिस्साला दोघं बरोबर जात. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी दोघांना एकत्र संतपद दिलं. तिची पत्रं वाचा, त्यात थकवा आहे, चिडचिड आहे, गिऱ्हाइकांची घाई आहे. धंदा करून संत झालेली आई आपल्याकडे आहे, मग वाद कसला?

हवी तर जियाना बेरेत्ता मोल्ला घ्या. डॉक्टर, 1955 मध्ये लग्न, त्यानंतरही दवाखाना चालू. 2004 मध्ये संतपद.

घरी थांबलेली
झेलीचं उदाहरण देताना लिओनीला विसरू नका. तिची मधली मुलगी, जरा अवघड स्वभावाची, शाळेतूनही परत पाठवलेली. घरातली मोलकरीण तिला धाकात ठेवून छळत होती आणि आईला कित्येक वर्षं पत्ता नव्हता. उघड झालं 1877 मध्ये, थोरल्या बहिणीमुळे. तेव्हा झेली स्तनाच्या कर्करोगाने शेवटाला आली होती. त्याच वर्षी ती गेली.

मी झेलीला दोष देत नाही, माझी तिच्यावर श्रद्धा आहे. पण लेसच्या ढिगाऱ्याआड काय दिसत नाही, तेही त्याच घरात घडलं. संतांच्या चरित्रातलं सोयीचं तेवढं पान फाडून आणू नका.

जुनी लेस
हे बरोबर काढलंत, मी गुळगुळीत करून सांगितलं होतं. एकच जोड देते. कळल्यावर झेलीने लिओनीला जवळ ओढलं, शेवटचे महिने तिच्यासाठी राखले. आणि हीच लिओनी पुढे फ्रान्समधल्याच काँ (Caen) शहरातल्या मठात धर्मभगिनी झाली. तिला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्याची प्रक्रिया सुरू आहे.

शिवाय घरीच असणाऱ्या आयांना सगळं दिसतं असंही नसतं. माझी आई आयुष्यभर घरी होती. मला शाळेत काय झालं ते तिला मी तीस वर्षांची झाल्यावर कळलं.

कोरडा
बाहेरून बोलतोय, पूर्वी आत होतो. ही माणसं बारा तास यंत्रांच्या आवाजात उभं राहून आलेल्या बाईला मिस्सा चुकल्याबद्दल कलमं सांगतायत. झोपा हो ताई. देव असेल तर त्याला झोप कळत असेल, नसेल तर प्रश्नच नाही. सगळ्या ओझ्यांत हे एकच ओझं असं आहे, जे तुम्ही उद्या सकाळी खाली ठेवू शकता.

रात्रपाळी
तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं, पण गोची इथेच आहे. मला ते खाली ठेवायचं नाहीये.

दोन महिन्यांपूर्वीची मिस्सा. धाकटा रडायला लागला म्हणून त्याला घेऊन मागच्या दारापाशी उभी होते. प्रवचनाचा एक शब्द कानात गेला नाही. त्याने एक बूट काढून फेकला, तो एका आजोबांच्या पायाशी जाऊन पडला. मी वाकून बूट उचलत होते आणि तेवढ्यात अर्पणाची घंटा वाजली. सगळे गुडघ्यांवर, मी तर आधीच खाली, हातात चिखलाचा बूट. आदल्या रात्री माझ्या बेडवरचा एक पेशंट गेला होता. त्याच्या बायकोला फोन मी केला होता. ते रडू रात्रभर आलं नव्हतं, तिथे आलं. धाकटा गप्प होऊन माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

त्या जागेला ओझं कसं म्हणू? तिथे पोचायच्या वाटेत जे पडलंय ते ओझं आहे. बॅगा भरणं, बूट शोधणं, धर्मशिक्षणाची वही, कुमसाराची (पापकबुलीची) तारीख लक्षात ठेवणं, आणि वर 'तुमच्या मुलीला प्रार्थना पाठ नाही' हे ऐकणं.

कोरडा
ठीक. हे मला माहीत नव्हतं. मागे घेतो.

चौघांची आजी
मी बत्तीस वर्षं कारखान्यात पॅकिंगला होते. पोरांनो, दोन्ही बाजूंनी चुकीचं मोजताय.

आमच्याकडे रोझरी एकदाही चुकली नाही. पाचही रहस्यं, गुडघ्यांवर, डुलकी लागली तर चिमटा. चिमटा मीच काढायची. चार मुलांपैकी दोघं आज देवळाची पायरी चढत नाहीत. त्यातला एक परवा म्हणाला, "मम्मी, रोझरी म्हटलं की मला फक्त गुडघे आठवतात." म्हणून घरी थांबलेल्या बाईला सांगते, आकडा पुरा झाला म्हणजे काम झालं असं नाही. आणि रात्रपाळीला सांगते, एका रहस्यावर आलीस म्हणून काही बुडालं नाही, पण ते एक सोडू नकोस. जी दोघं मुलं अजून जातात ती कशामुळे जातात, तेही मला सांगता येत नाही.

शेवटी एक. बायकांच्या सभेत मार्थाला उगाच झोडपतात, की ती कामात आणि तिची बहीण मरिया प्रभूच्या पायाशी. लूकच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायापाशी सगळे थांबतात. योहानचा 11वा काढा. भाऊ मेलाय, मरिया घरात बसून आहे आणि प्रभूला भेटायला पुढे गेलीय ती मार्था. "तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस" हे तिच्या तोंडचं आहे.

घरी थांबलेली
काकू, गुडघ्यांचं वाक्य लागलं. माझी थोरलीही हल्ली रोझरीच्या वेळी बरोबर गृहपाठ काढते.

तरी एक गोष्ट इथे कोणी धरली नाही. नोकरी सोडली तेव्हा धर्माचं सगळं खातं आपोआप माझ्याकडे आलं, 'तू घरीच असतेस' म्हणून. तुम्ही नोकरी करता म्हणून बोलणी खाता, मी घरी असते म्हणून मला कोणी विचारतही नाही.

रात्रपाळी
हे आधी का नाही लिहिलंत!

काल नवऱ्याशी बोलले. थोरलीने मला का उठवलं आणि तुला का नाही, एवढंच विचारलं. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तू सांगितलं असतंस तर मी नेलं असतं की."

आता पाळीला निघते. या "सांगितलं असतंस तर"चं काय करायचं ते उद्या.

घरी थांबलेली
त्या शब्दांवर आपलं एकमत होईल असं दिसतंय. पाळी आणि रोझरीच्या क्रमावरून मात्र मी हटलेले नाही.

तिघांचा बाप
रविवारच्या मिस्साच्या वेळा कुठे लावलेल्या असतात? बायकोला विचारणार होतो, नाही विचारलं.