जुन्या बाटलीचा भाव तेलावर ठरतो

घराघरात कचरा नीट वेगळा झाला की रिसायकलिंग आपोआप परवडेल, असं नेहमी म्हटलं जातं. हे अर्धंच खरं. पाण्याच्या रिकाम्या बाटलीचा भंगारातला भाव शेवटी कच्च्या तेलावर ठरतो, कारण नवं प्लास्टिक तेलापासूनच बनतं. 2020 मध्ये तेल कोसळलं, नवं प्लास्टिक स्वस्त झालं आणि जुन्याला गिऱ्हाईक मिळेना. त्याची झळ सगळ्यात आधी कचरावेचक बायकांना बसते. बाटली निदान विकली तरी जाते. वेफर्सचं चकचकीत पाकीट भंगारवाला हातात धरत नाही, कारण त्यातले प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर सुटे करण्याचा खर्च मालाच्या किमतीहून जास्त. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचकांना भंगाराच्या पैशांखेरीज घरटी मासिक शुल्कही मिळतं. गोळा करण्याची मजुरी अशी वेगळी सगळ्याच शहरांत मिळायला हवी.