हँडब्रेकचा पिवळा दिवा: किनाऱ्यावरच्या गाडीवाल्यांनी अनुभव लिहा

मंडळी, पावसाळाभर गावी उभी राहिलेली गाडी दिवाळीत सुरू करावी, तर इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकचा पिवळा दिवा हटत नाही. हा ब्रेक स्विचने चालतो, मागच्या चाकांवरच्या छोट्या विजेच्या मोटारी तो लावतात-सोडतात. लाल दिवा ब्रेक लागलेला असल्याचा, पिवळा यंत्रणेतल्या बिघाडाचा. कोणाकडे नेमकं काय निघालं?

दापोली: माझ्या गाडीत हँडब्रेक, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) आणि स्टिअरिंग असे तिन्ही दिवे एकदम लागले. मेकॅनिक आल्या आल्या मागच्या चाकावरच्या ब्रेक-मोटारीचा खर्च सांगू लागला. तीन वेगळ्या गोष्टी एकाच सकाळी कशा बिघडतील? मल्टीमीटर लावला तर बॅटरी जेमतेम ११.८ व्होल्ट, चांगली भरलेली १२.६ च्या आसपास दाखवते. बॅटरी बदलली, गाडीच्या संगणकात नोंदलेले बिघाडाचे कोड पुसले, दिवे गेले.

मालवण: माझी बॅटरी ठणठणीत होती. हे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर उजव्या मागच्या चाकाच्या मोटारीच्या सर्किटचा कोड आला. त्याआधीच एक साधी गोष्ट कळली होती: स्विच ओढल्यावर डाव्या चाकातून गुर्र आवाज यायचा, उजवं मुकं. कॅलिपरवर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बसवलेल्या मोटारीचा कनेक्टर काढला तर पिनांवर हिरवी पूड. घर समुद्राला लागून, दुसरं काय होणार! कॉन्टॅक्ट क्लीनरने पिना साफ केल्या, वाळवल्या, ओल आत येऊ न देणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावलं. मोटार जुनीच आहे, अजून चालतेय. वाळूत गाडी घालणाऱ्या पाहुण्यांनो, निदान चाकांच्या आतल्या बाजूला गोडं पाणी तरी मारा.

कुडाळ: ब्रेक सुटत नसेल तर कोणाला तरी मागे उभं करून ब्रेकचं पेडल दाबा. आमचे ब्रेकलाइटच लागत नव्हते. पेडलजवळचा स्विच गेला होता, त्यामुळे पेडल दाबलंय हे गाडीला कळतच नव्हतं. स्वस्तात सुटलो.

देवगड (गॅरेजवाला): मागचे पॅड बदलल्यावर दिवा लागला, अशा गाड्या माझ्याकडे फार येतात. पॅड दाबणारा कॅलिपरमधला पिस्टन क्लॅम्पने दाबून आत ढकलतात हो! आधी सर्व्हिस मोड लावून मोटार मागे घ्यायची असते, नाहीतर आतला स्क्रू नाहीतर गिअर जातो. आणि कॅलिपरमध्ये हात असताना स्विचला कोणी शिवू नये.

दापोली: गॅरेजवाले दादा, पावसाळ्यात ब्रेक लावून ठेवावा की सोडून? माझे पॅड गंजून डिस्कला असे धरले होते की सुटताना केवढा ठक्क आवाज झाला.

देवगड: सपाट जागा असेल तर सोडून ठेवा. ऑटोमॅटिक असेल तर पी, नाहीतर पहिला गिअर, आणि चाकांना दोन्ही बाजूंनी जांभ्याचे तुकडे. काही गाड्या बंद करताच ब्रेक आपोआप लावतात. तो कसा थांबवायचा ते गाडीच्या पुस्तकात बघा. उतार असेल तर मात्र ब्रेक लावाच, गंज परवडला.