डब्याचे घट्ट बसलेले झाकण काढण्याचे हत्यार : तातडीने मदत हवी आहे

अबोली_ठाणे
नमस्कार. डब्याचे झाकण काही केल्या निघत नाही. सकाळपासून दोन चमचे वाकले, एका सुरीचे टोक तुटले आणि माझ्या अंगठ्याच्या नखाचीही वाट लागली. अशी झाकणे उचकटण्यासाठी बोटभर लांबीचे एक लोखंडी हत्यार मिळते, असे ऐकून आहे. त्याला दुकानात काय म्हणून मागायचे, ते कुठे मिळते आणि ते नसल्यास घरातल्या कोणत्या वस्तूने भागते, एवढेच मला हवे आहे. परवापर्यंत काम आटोपायचे असल्यामुळे 'या विषयावर पूर्वी धागा येऊन गेला आहे' असे कृपया कोणी सांगू नये.

तिखटमीठ
यासाठी हत्यार कशाला हवे? बरणी दोन मिनिटे कोमट पाण्यात झाकणाच्या बाजूने उपडी धरावी, नंतर कोरड्या फडक्याने पुसून झाकणाभोवती जाड रबरबँड गुंडाळावा आणि फिरवावे. गरम असताना भरलेले लोणचे किंवा मुरंबा निवला की आतली हवा आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब झाकणाला खाली दाबून धरतो. चमच्याच्या टोकाने कड किंचित उचलली की 'टक' असा आवाज येतो आणि पुढे झाकण लहान मूलही उघडते. माझ्या आईने आयुष्यभर हेच केले.

इतिहासवेडा
या निमित्ताने एक गमतीची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. पत्र्याच्या डब्यात अन्न टिकवण्याचे पेटंट लंडनमध्ये पीटर ड्युरँड यांनी १८१० साली घेतले. परंतु अमेरिकेत एझ्रा वॉर्नर यांनी डबा फोडण्याच्या हत्याराचे पेटंट घेतले ते १८५८ साली. म्हणजे डबा आला आणि तो उघडण्याचे बरे साधन यायला जवळजवळ अर्धे शतक गेले. मधल्या काळात लोक छिन्नी आणि हातोडीने पत्रा कापत असत. तेव्हा आपल्या दोन वाकलेल्या चमच्यांचे फार वाईट वाटून घेऊ नये.

पाटीपेन्सिल
इतिहासवेडा, ते पत्रा कापण्याचे हत्यार झाले. इथे झाकण सलग काढायचे आहे, असे निदान मला तरी वाटते. अबोलीताई, डबा कशाचा आहे, काचेचा, प्लॅस्टिकचा की पत्र्याचा? झाकण फिरकीचे आहे की दाबून बसवायचे? आत काय आहे? एवढे कळल्याशिवाय दिलेले प्रत्येक उत्तर अंधारात मारलेला दगड ठरेल.

अबोली_ठाणे
अहो, लोणचे नाही आणि बरणीही नाही. मी डबा असे स्पष्ट लिहिले आहे. ऑइलपेंटचे डबे आहेत, पत्र्याचे, दाबून बसवायच्या झाकणाचे. एकूण तीन आहेत. रत्नागिरीच्या घरात गणपती बसतात आणि त्याआधी खिडक्यांच्या गजांना रंगाचा एक हात द्यायचा आहे. रंगारी मिळत नाही म्हणून आम्ही दोघेच करणार आहोत. शीर्षकावरून हे लक्षात येईल, असे मला वाटले होते.

रंगकाम
शीर्षकावरून ते लक्षात येत नव्हते, परंतु आता प्रश्न नीट कळला. मी वीस वर्षे रंगकामाचे ठेके घेतो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

या हत्याराला आपल्याकडे स्वतंत्र नाव रूढ झालेले नाही. दुकानात 'रंगाचा डबा उघडायचा ओपनर' म्हटले की पुरते. जाड तारेचे किंवा पट्टीचे असते. एका टोकाला बोट अडकवण्यापुरते कडे आणि दुसऱ्या टोकाला किंचित वर वळलेला, चपटा आकडा. सगळी करामत त्या आकड्यात आहे. रंगाच्या डब्याच्या तोंडावर एक गोल खाच असते आणि झाकणाचा खाली उतरलेला भाग त्या खाचेत गच्च बसतो. झाकणाची बाहेरची कड आतल्या बाजूला गुंडाळलेली असते. ओपनरचा आकडा त्या गुंडाळीच्या खाली शिरतो, त्याची मान डब्याच्या काठावर टेकते आणि मूठ खाली दाबली की झाकण वर येते. तरफेचाच नियम आहे : टेकूपासून आकड्याचे टोक अर्धा सेंटीमीटर आणि मूठ दहा सेंटीमीटरवर असेल, तर हाताचा जोर वीसपट होऊन झाकणाला लागतो.

आता महत्त्वाची सूचना. एकाच जागी जोर लावून झाकण उपटू नका. एका ठिकाणी जेमतेम हलेल इतकेच उचला, ३-४ सेंटीमीटर पुढे सरका, पुन्हा तेवढेच उचला आणि अशी पूर्ण फेरी घाला. बहुतेक झाकणे दुसऱ्या फेरीत सुटतात. एकाच जागी उपटलेले झाकण तिथे दुमडते आणि पुढे कितीही ठोकले तरी हवाबंद बसत नाही. मग महिनाभरात रंगावर जाड साय धरते.

जुना_लोहार
ओपनर, ओपनर काय करता? एक चपट्या तोंडाचा डिसमिस घ्यावा आणि झाकण काढावे. माझ्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षे ग्रीसचे आणि रंगाचे डबे डिसमिसनेच उघडले गेले आणि कोणाचे काही बिघडले नाही. फारच हौस असेल तर मोडक्या डिसमिसचे टोक गॅसवर लाल करून पकडीने तीन-चार मिलिमीटर वाकवावे. तुमचा तो ओपनर फुकटात तयार होतो. मात्र हे काम रंगाच्या डब्यापासून दूर, अंगणात करावे.

रंगकाम
लोहारकाका, आपल्या अनुभवाविषयी आदर आहे, परंतु आपण उघडलेल्या डब्यांपैकी किती डबे पुन्हा नीट बंद झाले, हेही सांगावे. डिसमिसचे टोक सरळ असल्यामुळे ते गुंडाळीला पकडत नाही. ते खाचेत घुसते आणि पत्र्याला एका बिंदूवर ढकलते, त्यामुळे खाच आणि कड दोन्ही चेपतात. ग्रीसला वरून थोडी हवा लागली तर चालते. ऑइलपेंट मात्र हवेतला ऑक्सिजन घेऊनच वाळतो, त्यामुळे झाकणाची फट हीच त्याची खरी वैरी आहे. शेवटी आपणही टोक वाकवायलाच सांगता आहात, म्हणजे मुद्दा आपल्यालाही मान्य आहे.

जुना_लोहार
टोक वाकवणे हा सल्ला हौशी लोकांसाठी होता. रुंद तोंडाचा डिसमिस आणि हलका हात असेल, तर काहीही चेपत नाही. आजकाल प्रत्येक कामाला वेगळे हत्यार विकत घेण्याची सवय लागली आहे, एवढाच माझा आक्षेप आहे.

पाटीपेन्सिल
हत्याराचा वाद थोडा बाजूला ठेवू. अबोलीताई, डबे किती दिवसांपूर्वी बंद केलेले आहेत, झाकणावर गंज आहे का आणि खाचेत वाळलेला रंग दिसतो का? समुद्राजवळच्या घरात पत्रा वर्षभरातही गंजतो आणि गंजाने धरलेले झाकण व रंगाने चिकटलेले झाकण यांचा उपाय एक नाही.

तिखटमीठ
रंगाचा डबा असला तरी शास्त्र तेच आहे. आत निर्वात झाले असणार. झाकणाच्या मधोमध बारीक खिळ्याने एक भोक पाडावे, हवा आत जाईल आणि झाकण सुटेल. नाहीतर डब्याचा काठ मेणबत्तीवर हळूहळू फिरवून गरम करावा. पत्रा प्रसरण पावला की झाकण सैल होते. मी काकवीचा डबा असाच उघडला होता.

रंगकाम
कृपया हे कोणीही करू नका. ऑइलपेंटमध्ये टर्पेंटाइनसारखा द्रव असतो आणि साधारण चाळीस अंश सेल्सियसच्या आसपासच त्याच्या वाफेला ज्योतीने आग लागू शकते. बंद डब्याखाली मेणबत्ती धरणे म्हणजे स्वयंपाकघरात फटाका ठेवण्यासारखे आहे. काकवी आणि ऑइलपेंट यांत एवढा फरक तरी करायला हवा. झाकणाला भोक पाडले तर डबा उघडेल, पण उरलेला रंग त्याच भोकाखाली साय धरत बसेल. ऊबच द्यायची असेल, तर कडकडीत नव्हे, केवळ कोमट पाण्यात भिजवून पिळलेले फडके कडेभोवती पाच मिनिटे गुंडाळा. त्याचा उपयोग थोडाच होतो, पण धोका नाही.

अबोली_ठाणे
पाटीपेन्सिल, आत्ता माळ्यावरून तिन्ही डबे खाली आणून नीट पाहिले. दोन डबे एक-एक लिटरचे आहेत आणि दोन वर्षांपूर्वी अर्धे वापरून बंद केले होते. त्यांच्या झाकणाभोवती वाळलेल्या रंगाचे जाड कडे जमले आहे आणि थोडा गंजही आहे. तिसरा डबा चार लिटरचा आहे आणि तो कधीचा आहे हे कोणालाच आठवत नाही; त्यावरचे लेबलही उडाले आहे. आणखी एक गोष्ट, जी मला सांगण्यासारखी वाटली नव्हती : माझे सासरे रंगाचे डबे नेहमी उपडे करून ठेवतात. तळाशी साय धरते आणि उघडल्यावर वर चांगला रंग मिळतो, असे ते म्हणतात.

पाटीपेन्सिल
ही गोष्ट पहिल्याच प्रतिसादात यायला हवी होती. दोन वर्षे रंग झाकणाच्या सांध्यावर उभा होता. तो खाचेत झिरपला आणि तिथे वाळून त्याचा डिंक झाला. आपण झाकण उचकटत नाही आहात, चिकटवलेली वस्तू सुटी करत आहात.

जुना_लोहार
डबा उपडा ठेवण्यात काहीही चूक नाही. द्रवानेच सांधा बुजतो आणि हवा आत शिरत नाही. आमच्या वडिलांपासून ही पद्धत आहे. खाच आधी पुसली नाही, हा दोष माणसाचा आहे, पद्धतीचा नाही.

रंगकाम
लोहारकाका, इथे अर्धे माझे आणि अर्धे आपले खरे आहे. सांधा स्वच्छ असेल तर उपडा डबा रंग चांगला टिकवतो, यात शंका नाही. परंतु घरगुती वापरात ब्रश डब्याच्या काठावरच निथळला जातो, खाच रंगाने भरते, त्यावरच झाकण ठोकले जाते आणि वर डबा उपडा केला जातो.

अबोलीताई, आता क्रम असा ठेवा. घराबाहेर, सावलीत वर्तमानपत्र पसरून बसा आणि चष्मा लावा, कारण वाळलेल्या रंगाचे कपचे उडतात. पुट्टीच्या पट्टीच्या कोपऱ्याने किंवा जुन्या कटरच्या पात्याने झाकण आणि काठ यांच्या मधले वाळलेले कडे पूर्ण गोलाईत चिरून घ्या. हे काम घाईने केले तर पुढचे सगळे वाया जाते. नुसते टर्पेंटाइन ओतून काही होणार नाही, कारण एकदा पुरता वाळलेला ऑइलपेंट त्यात विरघळत नाही. एनसी थिनर (नायट्रोसेल्युलोज रंग पातळ करायचा, टर्पेंटाइनपेक्षा तीव्र द्रव) याचे चार थेंब कापसाने लावले तर वाळलेला रंग मऊ पडतो, मात्र त्याची वाफ उग्र असते आणि ती पटकन पेट घेते, हे लक्षात ठेवा. त्यानंतर लाकडी ठोकळ्याने काठावर बाहेरून चौफेर हलकेच ठोका, म्हणजे गंजाची पकड तुटते. ओपनर याच्यानंतर. चमच्यांनी आपला पराभव झाला तो चमचे मऊ होते म्हणून नव्हे, मधले कडे शाबूत होते म्हणून.

इतिहासवेडा
पूर्वी रंगाच्या डब्यांत रंगाऱ्यांसाठी कुपने असत, असे ऐकले होते. अजूनही असतात का?

रंगकाम
असतात, पण आपण सध्या झाकणाच्या बाहेरच अडकलो आहोत.

निवांत
मला हत्यारातले काही कळत नाही, परंतु कोणी न विचारलेली एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ साली आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. तो लेबल नसलेला चार लिटरचा डबा त्याआधीचा असेल, तर त्यात शिसे किती आहे हे घरी कळण्याचा मार्ग नाही. खिडकीचे गज लहान मुले हातात धरतात आणि प्रसंगी चाटतातही. तो डबा उघडण्याचा हट्ट धरू नये, असे मी सुचवेन. गजांवरचा जुना रंगही त्या काळातला असेल, तर पॉलिश पेपर कोरडा न घासता पाण्यात भिजवून घासावा, म्हणजे धूळ उडत नाही.

जुना_लोहार
आम्ही त्याच रंगांत वाढलो आणि अजून उभे आहोत.

निवांत
आपण उभे आहात याचा आनंदच आहे. मी दोन वर्षांच्या मुलांविषयी बोलत होतो.

अबोली_ठाणे
सर्वांसाठी पुढचा वृत्तांत. काल राम आळीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात ओपनर मागितला. दुकानदारांनी गल्ल्याजवळ सुतळीने बांधलेला एक दाखवला आणि म्हणाले, "हा विकायचा नसतो, रंग घेणाऱ्याला तसाच देतो." मी अर्धा लिटर टर्पेंटाइन आणि एक ब्रश घेतला, तेव्हा खणातून दुसरा काढून दिला. ज्या वस्तूसाठी दोन चमचे आणि एक सुरी गेली, ती फुकट मिळाली.

कडे चिरायला एका डब्याला वीस मिनिटे लागली. त्यानंतर पहिला डबा ओपनरच्या दुसऱ्या फेरीत सुटला, अगदी लिहिले होते तसा. दुसऱ्याची एक बाजू गंजली होती. तिथे झाकणाची गुंडाळी तुटून हातात आली आणि त्या जागी शेवटी लोहारकाकांचा डिसमिसच वापरावा लागला, तेव्हा दोघांचेही आभार. आत साय होती, पण ती कडेने कापून अख्खी उचलता आली. खालचा रंग जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळला, थोडे टर्पेंटाइन घालून ढवळला आणि सगळ्या गजांना पुरला. चार लिटरचा डबा उघडला नाही. दोन्ही घरांत मिळून तीन लहान मुले आहेत.

आता एकच शंका. पहिल्या डब्यात पाव लिटर रंग उरला आहे. तो असा कसा बंद करावा, की पुढच्या वर्षी हा धागा पुन्हा काढावा लागणार नाही?

रंगकाम
खाचेच्या तळाला खिळ्याने पाच-सहा भोके पाडा, म्हणजे खाचेत सांडलेला रंग परत डब्यात निथळतो. झाकण बसले की ती भोके झाकली जातात. खाच फडक्याने पुसा, झाकणावर फळीचा तुकडा ठेवा आणि हातोडी त्या फळीवर मारा, झाकणावर नव्हे. मात्र भोके पाडल्यावर हा डबा कधीही उपडा ठेवायचा नाही, कारण त्या भोकांतून रंग थेट खाचेत उतरेल.

अबोली_ठाणे
सगळे सांगितल्याप्रमाणे केले, सहा भोके पाडली, फळीवर ठोकून झाकण बसवले आणि रात्री डबा माळ्यावर सरळ ठेवला. आज सकाळी पाहते तर तो उपडा आहे. सासरे बाजारात गेले आहेत. आता आधी काय करू?

रंगकाम
आधी डबा सरळ करा. फार वेळ झाला नसेल तर लगेच उघडून खाच पुन्हा पुसा. रंग ओला असेपर्यंत टर्पेंटाइननेही निघतो. सासऱ्यांशी नंतर बोला.

जुना_लोहार
सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.