मदत हवी आहे: फोमीनंतरचा (म्हणजे शिकाऊ, मऊ फोमच्या बोर्डानंतरचा) पहिला खरा सर्फबोर्ड, ७'६" घेऊ की सरळ ९ फुटी?

मंडळी, इथे सर्फिंग करणारे किती जण आहेत माहीत नाही, पण मागे कुणीतरी कॅलिफोर्नियाच्या लाटांबद्दल लिहिलेलं आठवतंय म्हणून विचारतेय. जरा मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

मी मूळची वेंगुर्ल्याची, सध्या सॅन होजेत. वय ४०, वजन ६२ किलो, उंची ५'४". समुद्र लहानपणापासून दारात होता पण गुडघाभर पाण्यापुढे कुणी जाऊ दिलं नाही, पोहायला शिकले तेच इथे येऊन, छत्तिशीत. सव्वा वर्षापूर्वी सांताक्रूझला सर्फिंगचा क्लास लावला आणि तेव्हापासून जवळजवळ दर शनिवारी पहाटे पावणेसहाला हायवे १७ ने घाट ओलांडून काउल्सला जाते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, काउल्स म्हणजे तिथल्या लाकडी धक्क्याच्या शेजारची शांत जागा. वरच्या अंगाला स्टीमर लेनचा कडा आहे, तो मोठ्या लाटांचा जोर खातो आणि आमच्यापर्यंत येते ती मऊ, लांबलचक, उजवीकडे फुटत जाणारी लाट. ओहोटीला मस्त, भरती चढली की लाटच नाहीशी होते. त्यामुळे माझा शनिवार भरती-ओहोटीच्या तक्त्यावर चालतो आणि घरच्यांनीही ते आता मान्य केलंय.

आत्ता येतं काय ते सांगते. ८ फुटी फोमी आहे, साधारण ८६ लिटरचा (लिटर म्हणजे बोर्डाचं आकारमान, जितकं जास्त तितका तो तरंगतो). फेसाच्या पाण्यातनं बाहेर पडले, न फुटलेली लाट स्वतः ओळखून स्वतः पॅडल मारून पकडते, दहातल्या पाच-सहा मिळतात, उभी राहते आणि उजवीकडे जाते. डावीकडे अजून धड नाही. वळायला गेलं की मात्र फोमी ऐकत नाही, मागच्या पायावर वजन टाकलं तरी कड पाण्यात रुतत नाही, बोर्ड पाण्यावरनं नुसता घसरतो. लाट जरा उभी असली की बोर्डाचं नाक, म्हणजे पुढचं टोक, बुडतं आणि मी पुढे फेकली जाते. थोडा दोष माझा आहे, मी उशिरा उठते, पण थोडा बोर्डाचाही असावा, कारण मागच्या महिन्यात एकीने तिचा ९ फुटी लाँगबोर्ड तीन लाटांपुरता दिला होता आणि त्यातल्या दुसऱ्या लाटेवर मी फक्त मान आणि खांदा वळवला तर बोर्ड आपोआप लाटेच्या भिंतीवर चढला. पायाखाली पाण्याचा सरसर आवाज येत होता, फोमीवर तो कधी ऐकलाच नव्हता. तेव्हापासून डोक्यात तेच आहे.

आता घाबरायचं कारण. गेल्या उन्हाळ्यात मी एक मोठी चूक केलीय. एका दुकानात मला सांगितलं की तुमचं वजन कमी आहे, ६'२" चा फिश (आखूड, रुंद, माशासारख्या शेपटीचा बोर्ड) घ्या, लवकर शिकाल, आणि मी घेतला. साधारण ३५ लिटरचा होता. आठ शनिवार त्याच्यावर घालवले आणि सगळे मिळून फार तर दहा लाटा मिळाल्या. पॅडल मारून मारून खांदे भरून यायचे, लाट खालून निघून जायची, आणि सगळ्यात वाईट म्हणजे जे पॉप-अप, म्हणजे पालथं झोपून झटक्यात उभं राहणं, जमायला लागलं होतं तेही बिघडलं, कारण उभं राहण्याची संधीच मिळत नव्हती. शेवटी १४० डॉलर तोट्यात विकला आणि परत फोमीवर आले. पैशाचं एवढं नाही हो, पण एवढ्या उशिरा हातात आलेली गोष्ट ते दोन महिने परत निसटत होती, त्याचा त्रास झाला.

म्हणून या वेळी आकडेमोड करून बसलेय. लिटर भागिले वजन काढलं तर फोमी १.४ च्या आसपास येतो, तो फिश ०.५६. म्हणजे मी एकदम तळाला उडी मारली होती. आता समोर दोन आहेत, दोन्ही जुने.

पहिला ७'६" × २१½" × २¾", फनबोर्ड (मधल्या लांबीचा बोर्ड), साधा फायबरग्लासचा, ५० लिटरच्या आसपास, म्हणजे ०.८. तीन फिन (बोर्डाखालची पाती), गोल नाक. ३५० डॉलर सांगतोय. दोन ठिकाणी डिंग (ठोकर लागून पडलेला खड्डा) बुजवलेली दिसतेय फोटोत.

दुसरा ९'० × २२½" × ३" लाँगबोर्ड, ६६ लिटर धरा, म्हणजे १.०६. मधे एक मोठा फिन आणि बाजूला दोन छोटे. ५०० डॉलर.

मन ९ फुटीकडे ओढतंय, काउल्सच्या लाटेला तोच शोभतो हे दर शनिवारी तिथे डोळ्यांनी दिसतंय, सत्तरीचे आजोबा लोक येतात आणि आमच्याआधी लाट पकडून निवांत धक्क्यापर्यंत जातात. पण अडचणी खऱ्या आहेत. आमच्या अपार्टमेंटचं छत ८ फुटी आहे, म्हणजे तो उभा राहणारच नाही, बेडरूमच्या भिंतीला आडवा टांगावा लागेल. जिन्याला मधे वळण आहे. गाडी कोरोला, रॅक नाही, पट्ट्यांनी टपावर बांधून घाटातनं न्यायचा. आणि दुसरं म्हणजे कधीतरी पॅसिफिका गावच्या लिंडा मार बीचला जायची इच्छा आहे, तिथे वाळूवर फुटणाऱ्या लाटा, कधीकधी सगळी भिंत एकदमच कोसळते, तिथे ९ फुटी घेऊन आत कशी जाणार? पण मग वाटतं, ७'६" सुद्धा मला पाण्याखाली दाबता येणार नाहीये, दोन्हीकडे टर्टल रोलच (बोर्डासकट उलटं होऊन लाट वरून जाऊ देणं) करायचा आहे, मग फरक किती?

तर विचारायचं असं:

०.८ म्हणजे माझ्यासारखीला परत लाटा कमी होतील का? आठवड्यातनं एकदाच जाते हे लक्षात घेऊन सांगा, रोज जाणाऱ्याचं गणित वेगळं असणार. आणि वजन वेटसूटसकट (थंड पाण्यासाठीचा रबरी सूट) धरतात का? इथे पाणी १२-१३ अंशांचं असतं, ४/३ (मिलिमीटर जाडीचा) घालावाच लागतो, आणि भिजल्यावर तो चांगलाच जड होतो. शिवाय ९ फुटीवर शिकलं तर पुढे छोट्या बोर्डावर येताना सवयी आड येतात असं एकाने सांगितलं, कुणाचा स्वतःचा अनुभव आहे का? ऐकीव नको, कृपा करून.

अपडेट १: सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. ज्यांनी "८'० चा मिनी-माल बघ" सुचवलंय (मिनी-माल म्हणजे लाँगबोर्डाचा छोटा भाऊ), शोधतेय, पण सध्या जुन्यात मिळत नाहीये आणि नवीन बजेटबाहेर जातो. चेन्नईहून ज्या ताईंनी तिथल्या जवळच्या कोवलमचा सर्फिंगचा अनुभव लिहिलाय तो फार उपयोगी पडला. त्यांनी १४ महिने ९ फुटीवर काढले आणि नंतर ७ फुटीवर आल्यावर पहिल्याच आठवड्यात लाटा मिळाल्या, कारण लाट वाचायची सवय झाली होती, हे वाचून बराच धीर आला. लाट वाचायला लाटा मिळाल्या पाहिजेत, हे फिशने मला उलट बाजूने शिकवलंच आहे.

पाणमांजराचं ज्यांनी विचारलंय, हो, ती हीच जागा. २०२३ च्या उन्हाळ्यात ८४१ नंबरची समुद्री पाणमांजर लोकांच्या बोर्डांवर चढून बसायची, बोर्डांचे चावे काढायची, वन्यजीव खात्याचे लोक पकडायला गेले तरी सापडली नाही. तेव्हा मी सर्फिंग करत नव्हते. आता लांबून पाणमांजरं दिसतात, उताणी पडून पोटावर शिंपले फोडताना, तेवढ्यासाठी मी लाट सोडते.

अपडेट २: ठरवलं, ९ फुटी बघायला जातेय. छताचं नवऱ्याने सोडवलं, बाहेरच्या पॅसेजच्या भिंतीवर आडवे दोन हूक मारायला घरमालकांनी परवानगी दिली. विकणाऱ्याने या रविवारी सकाळी साडेसातला बोलावलंय. फोटोत बोर्डाचा मागचा भाग पिवळसर दिसतोय, नुसता उन्हाचा पिवळेपणा चालतो हे माहीत आहे, पण आत पाणी गेलेलं असेल तर ते हाताला कसं कळतं? अंगठ्याने दाबत जायचं आणि कुठे मऊ लागतं ते बघायचं एवढं वाचलंय, पण नेमकं कुठे कुठे दाबू? उभे राहतो तिथे, की फिनच्या खाचेभोवती, की कडांना? आणि बोर्डावरचं वॅक्स (पाय घसरू नये म्हणून लावतात ते मेण) काढून दाखव असं सांगितलं तर वाईट दिसेल का? शनिवार रात्रीपर्यंत कुणी सांगू शकलं तर बरं होईल.