कौलारू घर, म्हातारा लॅब्रॅडॉर, एक मनी मांजर आणि पहिला पावसाळा: कोकणात राहणाऱ्यांनो, सांगा ना

पडवीतली_मी:

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत डोंबिवलीचा फ्लॅट भाड्याने देऊन आम्ही दोघं कुडाळजवळ सासरच्या घरी कायमचे राहायला आलोय. सासूबाई गेल्यापासून सहा वर्षं घर बंदच होतं, गणपतीत पाच दिवस उघडायचो तेवढंच. जांभ्या चिऱ्याचं घर, मंगळुरी कौलं, पुढे पडवी आणि खळं (अंगण), मागे न्हाणी, विहीर आणि थोडे माड-पोफळी. सोबत आमचा आठ वर्षांचा लॅब कुत्रा बंड्या, आणि आल्याच्या तिसऱ्या दिवशी चुलीच्या थंड राखेत झोपलेली सापडली ती मनी.

खरं सांगते, इतकं सुख मला कधी वाटलं नव्हतं. माजघरात छपराला दोन काचेची कौलं आहेत, त्यातून उन्हाचा चौकोन खाली पडतो आणि दिवसभर सरकत जातो, सकाळी देवघराच्या भिंतीवर, दुपारी जात्यापाशी. मनी त्याच्याबरोबर सरकते, अख्खा दिवस. बंड्या तिकडे लिफ्टने खाली जाऊन दहा मिनिटं फिरून यायचा, इथे खळ्याच्या कडेला बसून शेवटची एसटी गेल्याशिवाय आत येत नाही. आलो तेव्हा सुरंगीचा मोसम होता, शेजारच्या काकूंनी वळेसार (गजरा) दिला तो मी पाण्याच्या माठाला गुंडाळून ठेवला, दोन दिवस घरभर वास. सासूबाईंच्या लुगड्यांचे पडदे शिवलेत, पितळी घंगाळ चिंचेने घासून पडवीत ठेवलंय, त्यात पाणी आणि रोज अनंताची दोन-चार फुलं. सावंतवाडीहून लाकडी फळांची परडी आणली, ती कोनाड्यात.

आता प्रश्न. पेंटर म्हणतो भिंतींना प्लास्टिक पेंट मारा आणि खाली मोठ्या चकचकीत टाइल्स घाला, सगळं पुसायला सोपं. मला मन होत नाहीये पण ओल्या कुत्र्याचे पाय, चिखल, हे सगळं डोळ्यासमोर येतंय. बागेत काय लावू जे वानरांच्या तावडीतून वाचेल आणि या दोघांना बाधणार नाही? आणि एकूणच पावसाळ्याआधी काय करून घेऊ? मेचे तीन आठवडे हातात आहेत.

तवसं_आणि_ताक:

गो बाय, बरां वाटलां वाचून. बंद घराचं दार उघडलं की वाडीतल्या सगळ्यांनाच बरं वाटतं.

पहिलं काम छप्पर. माणूस आजच सांगून ठेव, मेच्या शेवटी कोणी मिळत नाही, सगळ्यांची कौलं एकदम परतायची असतात. सहा वर्षं बंद घर म्हणजे वानरांनी उड्या मारून निम्मी कौलं हलवलेली असणार, फुटलेली वेगळीच. वासे-रिपांना वाळवी आहे का तेही त्याच वेळी ठोकून बघून घे. जुनी कौलं टाकू नका हां. उलटी करून खालचा शिक्का बघ, बासेल मिशनची निघाली तर त्यावर 1865 लिहिलेलं असतं. लोक समजतात आपलं घर तेवढं जुनं, पण ते साल मंगळुरातला त्यांचा कारखाना सुरू झाला त्याचं. तरी ती कौलं आजच्या कौलांपेक्षा सरस, माझ्या आजोबांनी घातलेली अजून आहेत.

प्लास्टिक पेंट अजिबात नको. चिरा पाणी पितो. आपल्याकडे 3000 मिमीच्या आसपास पाऊस, भिंत चार महिने ओल धरून असते आणि ती बाहेर पडायला वाट लागते. चुन्याची भिंत ओल सोडते, प्लास्टिक पेंट तिला आत कोंडतो आणि मग गणपतीपर्यंत फुगे येऊन पापुद्रे गळायला लागतात. माझ्या भावाच्या घराचं हेच झालं, दोनदा रंगवला, दोनदा गळला, शेवटी खरवडून चुना दिला तेव्हा गप्प बसला. चुना आठ दिवस आधी भिजवून ठेवा, जरासा डिंक घाला म्हणजे हाताला लागत नाही, खाली हातभर उंचीचा गेरूचा पट्टा ओढा. कुत्र्याच्या अंगाचे डाग त्या पट्ट्यातच जातात आणि घर दिसतंही देखणं.

आणि झडीची सोय करा. पाऊस इथे वरून कमी आणि आडवा जास्त येतो. पडवीला पश्चिमेकडून पूर्वी आम्ही झाप बांधायचो, माडाच्या झावळ्यांचे विणलेले. आता लोक ताडपत्री लावतात पण झापातून वारा येतो, उजेड येतो आणि आत बसलं की पागोळ्यांचा आवाज नीट ऐकू येतो. वाडीत अजून विणणारी एखादी म्हातारी असेल, विचारा.

मुक्या_पोरांची_डॉक्टर:

ताई, मी रत्नागिरी जिल्ह्यात जनावरांची डॉक्टर आहे, टाइल्सचं वाचलं म्हणून लगेच लिहितेय. आठ वर्षांचा लॅब म्हणजे कंबरेचे सांधे आधीच नाजूक, या जातीत तो त्रास मुळातच जास्त. गुळगुळीत टाइलवर त्याचे मागचे पाय फाकतात, उठताना घसरतो आणि हळूहळू उठायचंच टाळायला लागतो, मालकांना वाटतं म्हातारा झाला. जुना कोबा असेल तर तोच ठेवा, नाहीतर घासाई न केलेली शहाबादी.

आता मनीसाठी सर्वात महत्त्वाचं. कुत्र्यांच्या गोचिडांवर मानेवर सोडायचं औषध मिळतं त्यातल्या काहींमध्ये परमेथ्रीन असतं, ते मांजराला विष आहे. कुत्र्याला लावलं आणि मांजर त्याला चिकटून झोपलं तरी पुरतं. तुमच्याकडे दोघं एकत्र आहेत तर डॉक्टरांना तसं सांगूनच औषध घ्या. तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला चुकूनही नको. कपाटातल्या डांबरगोळ्या दोघांनाही वाईट, आणि पावसाळ्यात त्या घरोघरी असतात.

गोचिडांचं इथे मनावर घ्याच. रोज संध्याकाळी पडवीत बसून बंड्याचे कान, बगला, बोटांच्या बेचक्या हाताने चाचपायच्या. गोचीडताप झाला तर सुरुवातीला फक्त मलूल दिसतो, जेवत नाही, हिरड्या पांढऱ्या पडतात, तेव्हाच रक्त तपासायचं. तुमच्या जिल्ह्यात दोडामार्ग-बांदा भागात 2016 पासून माणसांत माकडतापाचे रुग्ण सापडलेत, तोही जंगलातल्या गोचिडांमुळेच, दिवाळीनंतर मेपर्यंत जोर. त्यामुळे रानात फिरून आलात की स्वतःचे पायही तपासा आणि कुठे वानर मेलेलं दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्रात कळवा.

लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस झालीये ना? उंदरांचं मूत मिसळलेल्या साचलेल्या पाण्यातून तो आजार होतो, भातखाचरात डुंबणाऱ्या लॅबला तर हवीच, दरवर्षी. आणि रात्री बंड्याला खळ्यात बांधून ठेवू नका. बिबट्या खळ्यापर्यंत येतो, बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. दिवेलागणीला आत, पडवीला जाळीचं दार.

अहो आणि मनी मिळालीये ना, उंदीर कमी म्हणजे सापही कमी. तरी पातेऱ्याचे (वाळल्या पानांचे) ढीग आणि चिऱ्यांचा ढिगारा घरापासून लांब ठेवा, फुरसं तिथेच बसतं. कुत्र्याला चावलं तर मंत्रतंत्र, कापणं, आवळून बांधणं काही करू नका, उचलून गाडीत घाला, त्याला चालवू नका. आधीच फोन करून विचारून ठेवा जवळच्या कुठल्या दवाखान्यात सर्पदंशाचं इंजेक्शन असतं.

पडवीतली_मी:

बाप रे डॉक्टर, बंड्याचं ते औषध बॅगेतच आहे, आत्ता उठून पाकीट बघितलं, परमेथ्रीन लिहिलंय!! फेब्रुवारीत मनी नव्हती तेव्हा लावलं होतं आणि पुढचा डोस याच आठवड्यात होता, आणि मनी तर रोज त्याच्या पोटाशी झोपते. अंगावर काटा आला. पुड्या बाजूला काढून ठेवल्या. खूप खूप आभार. टाइल्स रद्द, यांनाही वाचून दाखवलं. आता बागेचं सांगा कोणीतरी.

देवरुखची_माळीण:

बागेचं मी सांगते, बारा वर्षं हेच करतेय. वानरांशी भांडून उपयोग नाही, त्यांना जे आवडत नाही ते आधी लावायचं. आमच्याकडे हळद, आलं, मिरवेल, अळू, कढीलिंब याला त्यांनी कधी हात लावला नाही. पपई, चिकू, पेरू लावलात तर ते त्यांचेच समजा. काकडी-दोडकी पडवीला लागून माटवावर चढवते मी, कुत्रा तिथेच बसलेला असतो म्हणून वाचतात. बंड्याला तीच नोकरी द्या, आनंदाने करेल.

अळू न्हाणीच्या पाण्यावर लावा, पाणी वाया जात नाही आणि फतफत्याला पानं कायम. पण पानं कच्ची चावली की खाज सुटते, म्हणून दोघांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर नको. वेलांचं बी मृगाचा पाऊस लागला की घाला: तवसं (मोठी गावठी काकडी), पडवळ, दोडकं, चिबूड. फुलांत अबोली, तेरडा, जास्वंद, सोनटक्का, गुलाबी कर्दळ. सोनटक्का विहिरीच्या ओलीला लावा, भाद्रपदात संध्याकाळी पाणी काढायला गेलं की त्या वासानेच माणूस थांबतो.

नको ते सांगते. कण्हेर आणि सायकस लावू नका, दोन्ही विषारी, सायकसच्या बिया कुत्री चघळतात. कळलावी आपल्या वईत आपोआप उगवते, फूल इतकं सुंदर की उपटवत नाही, पण गड्डा फार विषारी आहे आणि लॅबला उकरायची सवय असतेच, म्हणून मी ती कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला नेऊन लावली. गुच्छात येतात त्या मोठ्या लिली घरात मांजर असताना आणूच नका, परागकण अंगावरून चाटले तरी किडनी जाते. गोगलगायींचा पावसात सुळसुळाट होतो, त्यावर मिळणाऱ्या गोळ्या कुत्रे खातात आणि मरतात. मी रात्री बॅटरी घेऊन फिरते आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकते, जुलैत रोज पाऊण तास जातो पण पावसातल्या बागेत रात्री जे दिसतं ना, काजवे, बेडूक, ते दिवसा दिसत नाही.

पाण्याचं आत्ताच बघा. इतका पाऊस पडूनही जांभा पाणी धरत नाही, एप्रिल-मेत विहीर तळाला जाते. पातेरा जाळू नका, झाडांच्या आळ्यात वीतभर घाला (घरापासून लांबच्या झाडांना, डॉक्टर म्हणाल्या तसं).

गोंयची_सून:

मी मूळ पुण्याची, आता फोंड्याला. सजावटीबद्दल थोडं. पहिल्या वर्षी मी मोठा कापडी सोफा आणला होता ऑनलाइन, ऑगस्टमध्ये त्याला बुरशी आणि ओल्या कुत्र्याचा वास, सप्टेंबरात देऊन टाकला. तेव्हापासून लाकडी बाक, झोपाळा आणि गोधड्या. गोधडी धुता येते, चुलीवर उबवता येते, कुत्र्याची वेगळी, मांजराची वेगळी. लुगड्यांचे पडदे मस्तच, फक्त जुलै-ऑगस्टमध्ये काढून ठेवा, त्या दिवसांत दारं-खिडक्या उघड्याच छान दिसतात.

भिंतीवर फोटोफ्रेम मागून ओल धरतात. त्याऐवजी पिंगुळी तुमच्या अगदी जवळ आहे, तिथल्या ठाकर कलाकारांकडून चित्रकथीचं एखादं चित्र घ्या आणि भिंतीपासून बोटभर सुटं राहील असं टांगा. आणि सावंतवाडीला परत गेलात तर राजवाड्यात गंजिफा रंगवतात ते बघून या, गोल पत्ते असतात, मी एक संच कोनाड्यात मांडलाय, रोज एक पत्ता बदलते.

खळं सारवणार असाल तर दिवाळीच्या आधी, पाऊस गेल्यावर. माती ओढून, चोपून, मग शेण. काही जण काळा रंग यावा म्हणून जुन्या सेलमधली पूड घालतात ती नको, कुत्रा पाय चाटतो. करवंटीच्या कोळशाची मशी घाला, रंग तसाच येतो.

गणपतीत मूर्तीच्या वर टांगायची माटवी बांधाल ना? आमच्याकडे माटोळी म्हणतात. ती माझ्या मते घराची सगळ्यात सुंदर सजावट, आंब्याचे टाळ, सुपारीचा घड, तवसं, कांगणं, कवंडळं, सगळं रानातलं आणि परसातलं.

पडवीतली_मी:

माटवीची लाकडी चौकट माळ्यावर आहे, काल काढून पुसली, एक पट्टी वाळवीने खाल्लीय ती सुतार बदलून देतोय. चुना परवा भिजवला. कौलं परतणारे गुरुवारी येतायत, आणि तवसं_आणि_ताक काका, एक कौल उलटं केलं, शिक्का आहे! झिजलाय पण 18 आणि 5 दिसतंय. ते कौल मी छपरावर जाऊ देणार नाहीये, पडवीत घंगाळाशेजारी ठेवलंय. मनीने त्यावर बसून बघितलं, गार लागलं बहुतेक, उतरली नाही.

तवशाचं बी इथे बाजारात मिळतंय ते संकरित वाटतंय, गावठी कुठे मिळेल?

तवसं_आणि_ताक:

बाजारात नको बघू. शेजारच्या काकू ज्यांनी सुरंगीचा वळेसार दिला त्यांच्या चुलीच्या वर बघ, राखेत घोळवलेलं बी पुडीत बांधून टांगलेलं असणार. माग त्यांच्याकडे. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नको, अनंताची फुलं ने.