मोझांबिकला स्वातंत्र्य जंगलातल्या लढ्यानं मिळालं की लिस्बनच्या बंडानं?

माडाखालचा : दर 25 एप्रिलला कुणीतरी लिहितंच, की 1974 साली पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनमध्ये, सैनिकांनी बंड करून बंदुकीत फुलं खोचली आणि पोर्तुगीज वसाहत असलेलं मोझांबिक सुटलं. मला हे मुळीच पटत नाही. बंड करणारे ते कॅप्टन आले कुठून? मोझांबिक, अंगोला, गिनी-बिसाऊ या वसाहतींच्या रानात लढूनच ना! मोझांबिकच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या फ्रेलिमोनं 25 सप्टेंबर 1964 ला उत्तरेत काबो देलगादो प्रांतात चाय इथं पहिला हल्ला केला. 1970 मध्ये पोर्तुगीज जनरल काउल्झा द आरियागानं प्रचंड मोहीम काढली, तरी लढाई खाली तेते प्रांतात पसरलीच. ज्या युद्धानं पोर्तुगीज सैन्य टेकीला आणलं, त्याचं श्रेय त्याच सैन्याला?

खडूस_वाचक : टेकीला आणलं, हरवलं नाही. एप्रिल 1974 मध्ये एकही मोठं शहर फ्रेलिमोच्या हातात नव्हतं. बंड नसतं झालं तर हे आणखी किती वर्षं रेंगाळलं असतं, कोण जाणे. आणि माझा खरा आक्षेप पुढचा आहे. पोर्तुगाल आणि फ्रेलिमोमधला 7 सप्टेंबर 1974 चा लुसाका करार बघा. निवडणूक नाही, सार्वमत नाही, सत्ता थेट एका पक्षाकडे. बहुपक्षीय मतदान लोकांना मिळालं ते 1994 मध्ये.

माडाखालचा : सार्वमत घेणार कोण? 16 जून 1960 ला म्युएडात जमावावर गोळ्या झाडणारे पोर्तुगीज? की 1972 च्या डिसेंबरात विरियामूत कत्तल करणारे?

बार्देसकर : जरा आमच्याकडचं सांगतो. फ्रेलिमोचे जवळचे सल्लागार आकिनो द ब्रागांसा मूळ गोव्याचे. बंडानंतर फ्रेलिमोचे नेते सामोरा माशेल यांनी त्यांना लिस्बनला धाडलं, तिथं सत्ता नेमकी कुणाच्या हाती आहे ते पाहायला. पोर्तुगालचा नवा राष्ट्राध्यक्ष स्पिनोला याला वसाहती संघराज्यात अडकवून ठेवायच्या होत्या. ब्रागांसांनी ओळखलं की खरा जोर तरुण अधिकाऱ्यांचा आहे. म्हणजे लढा आणि बंड यांची गाठ वाटाघाटीत पडली. पोर्तुगालचा आधीचा हुकूमशहा सालाझार बोलून ऐकणारा नव्हता, हे गोव्यानं 1961 पर्यंत अनुभवलंच होतं.

खडूस_वाचक : ब्रागांसांची हुशारी मान्य. पण म्हणून सत्तेवर आलेल्या फ्रेलिमोच्या पुनर्शिक्षण छावण्या (विरोधकांना डांबायच्या), सक्तीची सामुदायिक गावं, हे सगळं माफ? असंतोष तिथं पिकला.

माडाखालचा : माफ कोण म्हणतंय? पण फ्रेलिमोविरुद्ध लढणारी रेनामो ही बंडखोर संघटना उभी केली ऱ्होडेशियानं (आजचं झिंबाब्वे), नंतर पोसली दक्षिण आफ्रिकेनं. मार्च 1976 मध्ये मोझांबिकनं ऱ्होडेशियाची सीमा बंद केली, त्याची किंमत ऱ्होडेशियाचा माल हाताळणाऱ्या बेइरा बंदराच्या धंद्यानं मोजली. 1992 पर्यंत युद्ध चाललं. ते सगळं फ्रेलिमोच्या माथी मारू नका.

खडूस_वाचक : सगळं नाही. पण बाहेरून काडी लावली तरी गवत वाळलेलं लागतं. ते कुणी वाळवलं, एवढंच विचारतोय.

नदीकाठी : तुम्ही दोघं 1974 वर भांडताय. 25 जून 1975 ला झेंडा चढला, पण मोझांबिकमधलं झांबेझी नदीवरचं काहोरा बासा धरण? त्याची मोठी मालकी 2007 पर्यंत पोर्तुगालकडेच होती. आणि वीज बहुतांशी दक्षिण आफ्रिकेला विकण्यासाठीच ते बांधलं होतं.

माडाखालचा : त्याचा हिशेब वेगळ्या धाग्यात करा, तिथं मी तुमच्या बाजूनं.