क्रिएटिनिन 2.4 आहे, तुरीचं वरण कायमचं बंद करायचं का?

औशाचा_पोरगा
वडील 67 वर्षांचे, वजन 60 किलो, शुगर जुनी. किडनी कमजोर झालीय: क्रिएटिनिन (रक्तातला हा आकडा वाढला की किडनी कमी काम करते) 2.4, पोटॅशियम 5.6. डायलिसिस नाही. डॉक्टर "प्रोटीन कमी करा" एवढंच बोलले. भावकीतल्यांनी डाळ, मटकी, हरभरा सगळंच बंद करायला लावलं. आता दोन्ही वेळेला भाकरी न् ठेचा खायलेत, वजन उतरायलंय. रानातली तूर कट्टे भरून घरात पडलीय. काय करावं?

अंबाजोगाईची_सून
भाऊ, बंद नका करू, मोजून द्या. आमच्या मालकांना हाच आजार आहे, स्वयंपाक मीच बघते. डायलिसिस नसेल तर साधारण किलोमागं 0.8 ग्रॅम प्रोटीन धरतात, म्हणजे तुमच्या वडिलांना दिवसाला 48. नक्की आकडा किडनीच्या डॉक्टरकडून घ्या. 30 ग्रॅम कोरड्या तूरडाळीत साडेसहाच्या आसपास प्रोटीन असतं. ज्वारीतही असतं, ते कुणी मोजतच नाही.

तुमची खरी अडचण पोटॅशियमची, 5.6 म्हणजे जास्त आहे. मी डाळ रात्री भिजवते, सकाळी ते पाणी फेकते, मग उघड्या पातेल्यात भरपूर पाण्यात शिजवते आणि डाळ मोडायच्या आत वरचं पाणी ओतून देते. पोटॅशियम त्या पाण्यात उतरतं; कुकरमधी ते पाणी डाळीतच राहतं. सणाला पुरण शिजवून काढलेला कट म्हणजे हेच पाणी, म्हणून कटाची आमटी मालकांना बिलकुल नाही. लई रुसतात! रिपोर्टात पोटॅशियम नॉर्मल असेल त्यांनी हा खटाटोप करायची गरज नाही.

फॉस्फरसचं म्हणाल (किडनीच्या आजारात तेही जपावं लागतं) तर डाळीतलं अंगाला कमीच लागतं. बाटलीतल्या काळ्या कोल्ड्रिंकमधलं जवळजवळ सगळं लागतं. ठेच्यातल्या मिठाकडं आधी बघा. त्यावर उपाय म्हणून "लो सोडियम" मीठ मात्र आणू नका, बहुतेकांत पोटॅशियम क्लोराईड असतं.

रानातला_गडी
हुलग्याचं कढण न् नारळपाणी चालू करा. आमच्या चुलत्याचा खडा पडला.

अंबाजोगाईची_सून
काका, मुतखडा वेगळा, हा आजार वेगळा. पोटॅशियम 5.6 असताना नारळपाणी म्हणजे आगीत तेल.

नांदेडकर
माझा भाऊ डायलिसिसवर आहे. त्याला उलट प्रोटीन वाढवायला सांगितलंय, किलोमागं 1 ते 1.2, कारण डायलिसिसमधून ते निघून जातं. तेव्हा दुसऱ्याचा तक्ता आपल्या घरी लावू नका.

औशाचा_पोरगा
ताई, आईनं आज तसंच वरण केलं. वडील म्हणायलेत, पाणचट लागायलंय.

अंबाजोगाईची_सून
लागणारच, सगळा अर्क गेला ना! चिंच-टोमॅटो घालू नका, त्यातही पोटॅशियम. लसूण चांगला लाल होऊ द्या, जिरं, कढीपत्ता, वरून लिंबाचे चार थेंब. आणि मीठ ताटात वाढूच नका, मागितलं तरी.